मोड प

बडोदे,
१० नोव्हेंबर २०२४

श्री. धनाजीराव बाबर यांस,
सादर नमस्कार.

‘कळफलक’ मासिकाचे संपादक असताना तुम्ही ज्या पत्त्यावरून पत्रे लिहीत होता, त्याच पत्त्यावर हे पत्र पाठवत आहे. तुम्ही घर बदलले असेल तर ज्यांना हे मिळेल त्यांनी कृपया परत पाठवावे. परतीचे तिकीट आत ठेवले आहे.

माझे नाव कुशल. वय तेवीस. मी लहरीपुऱ्यात एका दुरुस्तीच्या दुकानात तंत्रज्ञ आहे. बडोद्याचे सुभाष जगदाळे हे माझे सख्खे मामा. कोयलीच्या रिफायनरीत ते इन्स्ट्रुमेंट विभागात होते आणि त्यांच्याकडे ‘तारका’ हा घरगुती संगणक होता. १९८४ ते १९८७ या काळात तुम्ही त्यांना तेरा पत्रे लिहिली. तेराही त्यांनी तारखेप्रमाणे लावून पायजम्याच्या नाडीने बांधून ठेवली आहेत. त्या गठ्ठ्यात ‘कळफलक’चा ऑक्टोबर १९८७चा अंकही आहे. दिवाळीच्या साफसफाईत मला हे सगळे सापडले. दुसऱ्यांची पत्रे वाचू नयेत हे मला माहीत आहे. पहिले पत्र वाचून होईपर्यंत ते आठवले नाही, आणि आठवल्यावर उरलेली बारा वाचली.

त्या अंकात ‘वाचकांचा दरबार’ या सदरात तुम्ही लिहिले होते. जसेच्या तसे उतरवतो:

“बडोद्याचे श्री. जगदाळे यांचा रंगीत चित्राचा दावा आम्ही तारका यंत्रावर त्यांनीच पाठवलेल्या कॅसेटवरून आणि सूचनेप्रमाणे तपासला. लहरीपुरा दरवाजा दिसला नाही. त्यावर उडणारे बत्तीस रंगीत पतंगही दिसले नाहीत. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची खिचडी तेवढी दिसली. श्री. जगदाळे यांनी पतंगांचे उत्तरायण तीन महिने आधी साजरे केलेले दिसते. तारका चित्रांच्या कामाची नाही, हे आमचे मत कायम आहे.”

तुमच्या एकट्याचे हे मत नव्हते हेही मला माहीत आहे. मामांनी आणखी दोन मासिकांची कात्रणे ठेवली आहेत. एकात तारकाचा कळफलक चांगला म्हटले आहे, दुसऱ्यात तिची प्रकृती दणकट म्हटले आहे. चित्रांविषयी दोघांनीही अर्ध्या ओळीत नकार देऊन विषय संपवला आहे. तारकाच्या माहितीपुस्तिकेत पडद्यावरच्या चित्रांसाठी शून्य ते चार एवढेच मोड दिले होते, त्यामुळे कोणी पुढे बघितलेच नाही. पुढचा, म्हणजे मोड पाच, मामांनी स्वतः शोधून काढला होता. तुम्ही बघाल असे त्यांना वाटले होते, कारण तुम्ही त्यांचे मित्र होता. भेट एकदाही नाही, पण तेरा पत्रे.

आता मुख्य मुद्दा. संक्रांतीनंतर मामांच्या घरी रंगकाम निघणार आहे. ज्या कपाटात तारका आहे ते रिकामे करायचे आहे. मामा म्हणाले, “भंगारवाल्याला दे. काही कामाची नाही.” म्हणजे तुमचेच वाक्य. मी यंत्र दुकानात आणले. पॉवर सप्लायमधले दोन कंडेन्सर बदलले, टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलला. मोड पाच दिला, चित्र चढताना मामांची कॅसेट सहा मिनिटे किंचाळली आणि मग पतंग आले. बत्तीस. मी तीन वेळा मोजले. दरवाज्याचा विटकरी रंग आहे, आकाश खालून वर फिकट होत जाते, आणि दोन पतंगांचा पेच लागला आहे. फोटो सोबत जोडला आहे. मोबाइलने काढला, म्हणून पडद्यावर एक काळा पट्टा दिसतो. तो तारकाचा दोष नाही.

माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या हस्ताक्षरात एक ओळ लिहून पाठवा: तारकावर चित्रे निघतात. मग मी ते यंत्र भंगारात जाऊ देणार नाही. मामांना या पत्राबद्दल माहीत नाही.

आपला नम्र,
कुशल

ता. क. ‘माहितीपुस्तिका’ आणि ‘प्रकृती’ हे शब्द शब्दकोशात पाहून लिहिले आहेत. तरी काही चुकले असल्यास कळवावे.


बडोदे,
२८ नोव्हेंबर २०२४

श्री. धनाजीराव यांस,
सादर नमस्कार.

तुमचे कार्ड मिळाले. माझे शुद्धलेखन चांगले आहे असे लिहिल्याबद्दल आभारी आहे. बाकीच्या चार ओळी वाचून मात्र मला राग आला, हे खरे सांगतो.

तुम्ही लिहिले आहे: “फोटोवर विश्वास ठेवायला हरकत नाही, पण तुमच्या मामांनी ‘मोड पाच’ असे मला कधीही लिहिलेले नाही. त्यांनी ‘मोड प’ लिहिले होते. मूळ पत्र माझ्यापाशी आहे. मी अक्षरशः तेच केले.”

मी लगेच मामांच्या गठ्ठ्यातली कार्बन कॉपी काढली. त्यात स्वच्छ ‘मोड पाच’ आहे. मी तुम्हाला कडक पत्र लिहायला घेतले. दीड पान झाले होते. कार्बन कॉपीतली ओळ त्यात उतरवताना आकडा जसाच्या तसा काढायचा म्हणून मी कागद डोळ्याजवळ धरला आणि पेन खाली ठेवले.

मामा गुजराती माध्यमात शिकले. मीही. मराठी आम्हाला घरात मिळाली, पण आकडे शाळेतले राहिले. गुजरातीतला पाच असा असतो: ૫. बाकीचे बरेचसे आकडे तुमच्या-आमच्यात सारखेच दिसतात, पण हा एक असा. शिवाय घाईत लिहिताना मामा अक्षरांवर रेघ देत नाहीत, कारण गुजरातीत रेघ नसतेच. मग ‘प’ आणि पाच यांत फरक काय उरला?

तरी माझी खात्री होईना. मी कार्बन कॉपी आमच्या दुकानाचे मालक विक्रमसिंह यांना दाखवली आणि विचारले, हे काय लिहिले आहे? ते मोबाइलची काच बसवत होते. मान वर न करता म्हणाले, “पांच छे, बीजुं शुं?”

“शेठ, नीट बघा ना.”

“अरे भाई, पांच एटले पांच. चश्मा तने जोईए छे के मने?”

संध्याकाळी घरी गोत्रीला जाऊन विमल मामींना तोच कागद दाखवला. मामी मूळच्या साताऱ्याच्या, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांनी कागद लांब धरला आणि म्हणाल्या, “मोड प. म्हणजे काय रे? मोड आलेल्या मटकीचं का?”

एकच कागद, दोन माणसे. धनाजीराव, तुम्ही खोटे लिहिले नव्हते. मामांनीही नव्हते.

मग यंत्राने चूक का दाखवली नाही, हाही प्रश्न मला पडला. दुसऱ्या दिवशी दुकानात मी तुमच्यासारखेच केले. MODE नंतर ‘प’ म्हणून P दाबले. तारकाने काहीही तक्रार केली नाही. तिच्या भाषेत ज्या अक्षराला किंमत दिलेली नाही, त्याची किंमत शून्य धरतात. म्हणजे तुम्ही ‘प’ दाबल्यावर ती मुकाट्याने मोड शून्यात गेली. मोड शून्यात दोनच रंग. सोळा रंगांचे चित्र दोन रंगांत उघडले की काय दिसते? काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची खिचडी. तुमचे वर्णन अगदी बरोबर होते.

मामींना मी पुढचे काही सांगितले नाही, पण तो ‘प’ पाहून त्यांना त्यांची नेहमीची गोष्ट आठवली आणि त्या हसत सुटल्या. मामांनी एकदा सासऱ्यांना पत्र लिहिले होते: मंगळवारी ૫ वाजता साताऱ्यात पोचतो. सासऱ्यांनी वाचले: ‘प. वाजता’. प. म्हणजे पहाटे. बिचारे पहाटे चारला एसटी स्टँडवर जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिले. घरी आल्यावर म्हणाले, “जावईबापूंची पहाट बडोद्यात फार उशिरा होते वाटतं.” ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली आहे. या वेळी सगळ्यात जास्त हसलो. मामा तेवढ्यात आत आले होते. ते हसले नाहीत. कधीच हसत नाहीत. गॅलरीत निघून गेले.

उद्या मामांना सगळे सांगणार आहे. मला फार आनंद झाला आहे.

आपला,
कुशल


बडोदे,
२ डिसेंबर २०२४

श्री. धनाजीराव यांस,
नमस्कार.

हे पत्र घाईने टाकत आहे. मागच्या पत्रात ‘उद्या मामांना सांगणार आहे’ असे लिहिले होते. सांगितलेले नाही. चार दिवस झाले. रोज ठरवतो आणि रोज दुसरेच काहीतरी बोलतो. तुमच्याकडून त्यांना परस्पर काही लिहिले जाऊ नये म्हणून हे कळवत आहे. कृपया गैरसमज नसावा.

भंगारवाला काल विचारून गेला. मी त्याला जुना मिक्सर दिला.

कुशल


बडोदे,
१२ डिसेंबर २०२४

श्री. धनाजीराव यांस,
सादर नमस्कार.

तुमचे तीन पानी पत्र मिळाले. मूळ पत्राची झेरॉक्स पाठवल्याबद्दल आभार. तुमचा खुलासा मला पटला. मामा तारखा गुजराती आकड्यांत टाकायचे, पण तारखेत अक्षर येत नाही म्हणून तुम्हाला त्यांचा पाच कळायचा. मोडच्या पुढे मात्र अक्षर येऊ शकते, त्या वेळच्या एकदोन यंत्रांत यायचेही. माझ्या हातूनही असेच झाले असते.

तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या पानाबद्दल मला काहीच माहीत नव्हते. अंक वाचून मामांनी तुम्हाला जे शेवटचे पत्र लिहिले, त्याची कार्बन कॉपी गठ्ठ्यात नाही. त्यांनी ठेवली नसावी. “तुम्ही विकले गेलात” हे शब्द मामांचे आहेत यावर माझा आधी विश्वास बसला नाही. त्या महिन्यात मागच्या पानावर दुसऱ्या कंपनीच्या संगणकाची जाहिरात होती हे मी अंक काढून पाहिले. आहे. तुम्ही लिहिता, “आकड्याची चूक अर्धी माझी, ती मी आनंदाने घेतो. तो शब्द मात्र माझा नाही, तो ज्याचा आहे त्याने घ्यावा.” हे रास्त आहे.

तुमचे पत्र खिशात ठेवून मी दोन दिवस फिरलो. मग मला एक गोष्ट आठवली.

त्याआधी एक कबुली देतो. पहिल्या पत्रात मी स्वतःला तंत्रज्ञ लिहिले, ते वाढवून लिहिले होते. मी दहावीत दोनदा नापास झालो आणि शाळा सोडली. दुकानात मोबाइलच्या काचा आणि चार्जिंगचे पॉइंट बदलतो. जुनी यंत्रे उघडायला आणि मराठी लिहायला मला मामांनी शिकवले. शाळा सुटल्यावर सहा महिने मी कोणाशी बोलत नव्हतो, तेव्हा ते रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन घालायचे. ह्रस्व-दीर्घ चुकले तर रागवायचे नाहीत, फक्त पेन्सिलने टिंब द्यायचे. पण एक नियम कडक होता: पाच हा आकडा कधीही आकड्यात लिहायचा नाही, नेहमी अक्षरी लिहायचा. मी कारण विचारले तर म्हणायचे, “पद्धत आहे.” मला वाटले, मराठीतच तशी पद्धत असेल. मागे दाखवण्यापुरता काढला तेवढा सोडून आजपर्यंत मी तसेच लिहितो. तुमच्याकडची माझी पत्रे तपासून पाहा.

म्हणजे मामांना माहीत होते.

रविवारी उंधियूच्या भाजीसाठी आम्ही दोघे पापडीच्या शेंगा निवडत बसलो होतो. मी विचारले, “मामा, आजोबा साताऱ्याच्या स्टँडवर दिवसभर बसले, ते कोणत्या साली?”

“एक्क्याण्णव.”

“आणि मला पाच अक्षरी लिहायला लावलंत, ते त्याच्यामुळेच ना?”

त्यांनी एक शेंग सोलली, मग आणखी एक. दाणे सालांच्या ढिगात टाकले आणि साले पातेल्यात.

“कुणाचं पत्र आलंय?” त्यांनी विचारले.

मी खिशातून काढून दिले. ते त्यांनी चष्मा पुसून, दोनदा वाचले. मग म्हणाले, “सासरे ‘प. वाजता’ म्हणाले त्याच क्षणी कळलं रे मला. तिथे स्टँडवर उभा होतो आणि डोळ्यांसमोर मोड पाच. चूक कळवायला काय, एक कार्ड पुरलं असतं. पण त्या माणसाला मी विकला गेलेला म्हटलं होतं. ते कार्डावर कसं परत घ्यायचं?”

“पाकिटात घ्यायचं,” मी म्हणालो. मी असे बोललो याचे मलाच आश्चर्य वाटले.

“घेतलं होतं पाकीट. दोनदा. दरवर्षी संक्रांतीला वाटायचं, तिळगूळ म्हणून तरी पाठवू. मग वाटायचं, इतकी वर्षं झाली, आता काय तोंडाने? रिफायनरीत दहा वर्षं मला विचारायचे, जगदाळेभाई, आजे पवन केवो छे? पतंगांपुरता वारा आहे ना, म्हणून. ते मी तुझ्या धनाजीरावांच्या खात्यावर टाकत राहिलो. एक्क्याण्णवनंतर तेही टाकता येईना. मग यंत्राकडे बघवेना.”

तारका काही कामाची नाही, असे ते का म्हणत होते हे मला तेव्हा कळले.

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सगळे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “तेहतीस वर्षं हा माणूस माझ्या एकाही सांगण्यावर हसला नाही. मला वाटायचं, माझ्या वडिलांवर राग आहे. अहो, एवढंच होतं तर बोलायचं नाही का? आणि ते दाणे कुठे टाकताय? उंधियू सालांचा करू का?”

धनाजीराव, मामा हसले. फार नाही, पण हसले.

त्यांनी तुम्हाला लिहायचे कबूल केलेले नाही. “बघू” म्हणाले. मी आग्रह केला नाही. तुम्ही थोडे थांबावे अशी विनंती आहे. रंगकामाला अजून महिना आहे.

आपला,
कुशल


बडोदे,
४ जानेवारी, दोन हजार पंचवीस

आदरणीय धनाजीराव यांस,
सादर नमस्कार.

सोबत मामांचे पत्र आहे. त्याला बावीस दिवस लागले. रोज सकाळी चहानंतर ते गॅलरीत बसायचे, लिहायचे आणि फाडायचे. मामी शेवटी म्हणाल्या, “कागदाचा कारखाना काढायचाय का?” काल त्यांनी चार ओळी लिहून घडी न घालता माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “तपास.” मी वाचले. ते तुमचे असल्यामुळे त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही. ‘दिलगिरी’ या शब्दात त्यांनी ‘गी’ दीर्घ काढली आहे. मी पेन्सिल हातात घेतली होती. पण टिंब दिले नाही. तसेच पाठवत आहे.

गेल्या आठवड्यात तारका दुकानातून घरी आणली. विक्रमसिंह यांनी दुकानातला जुना डबा टीव्हीही दिला आणि वर म्हणाले, “लई जा, मारा तरफथी उत्तरायणनी भेट.” मामांनी स्वतः कॅसेट लावली. सहा मिनिटांच्या किंचाळण्यात शेजारच्या सुनंदाबेन दोनदा विचारून गेल्या की कोणाला बरे नाही का. मग आकाश आले, दरवाजा आला, पतंग आले. मामी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होत्या. त्या म्हणाल्या, “हे तुम्ही केलंत? आणि मला मेलीला वाटलं, घोटाळा त्या डब्यात आहे.” त्यांनी रंगाऱ्याला फोन करून सांगितले की ते एक कपाट सोडून बाकी सगळे रंगवायचे.

मामांना मात्र चित्रात एक चूक दिसली. डावीकडून चौथ्या पतंगाला दोरा नाही. सदतीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आले नाही, कारण कोणी बघितलेच नव्हते. ते काल दुपारपासून प्रोग्राममधली ती ओळ शोधत आहेत. मला म्हणाले, “ते यायच्या आधी दुरुस्त झालं पाहिजे. संपादक माणूस आहे, लगेच पकडेल.”

त्यावरून तुम्हाला कळलेच असेल. तुम्ही नंतरच्या कार्डात लिहिले होते की बोलावले तर यायला आवडेल, गुडघे अजून गाडीत चढू देतात. तर मामा आणि मामी दोघांचेही आग्रहाचे निमंत्रण आहे. तेरा तारखेला या, म्हणजे दुसऱ्या दिवशी उत्तरायण आणि त्याच्या पुढच्या दिवशी वासी म्हणजे शिळे उत्तरायण, दोन्ही मिळतील. गच्ची चांगली आहे. उंधियू आणि जिलेबी मामींकडे. तुमच्याकडे तारका असल्यास आणू नये, ओझे होईल. पेन मात्र आणावे. मामांच्या ऑक्टोबरच्या अंकावर तुमची सही नाही, ती त्यांना हवी आहे. कुठल्या पानावर, ते तुम्ही ओळखाल.

मी स्टेशनवर येईन. गाडी किती वाजता पोचते ते अक्षरी कळवावे. घरातल्या सगळ्यांच्या वतीने ही विनंती आहे.

पाकिटाच्या मागचा पत्ता मी लिहायला घेतला होता, पण मामांनी पेन मागून घेतले. सोसायटीचे नाव लिहिले, गोत्री लिहिले, आणि घराचा नंबर लिहिताना हात जुन्या सवयीने गेला. त्यांना असे लिहिताना मी कधीच पाहिले नव्हते. रेघ नाही, काही नाही: ૫. मी खोडरबर शोधू लागलो, मग आठवले की पेनने लिहिले आहे. नवीन पाकीट आणायला उठलो.

मामांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतले, उलटे करून तुमचे नाव एकदा वाचले आणि डिंकाची बाटली शेजारी आणून ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “त्यांना वाचता येतं आता.”

तुमचा,
कुशल